मोनॅस्टरी बीचवर किनाऱ्यावरून स्कूबा डायव्हिंग: उतरण्याआधी बाहेर कसे यायचे ते ठरवा

कॅलिफोर्नियात कार्मेल गावाच्या दक्षिणेला, हायवे वनच्या अगदी कडेला, मोनॅस्टरी बीच नावाचा एक आटोपशीर अर्धचंद्राकृती किनारा आहे. रस्त्याच्या पलीकडे कार्मेलाइट नन्सचा मठ आहे, त्यावरून हे नाव पडले. हा किनारा कार्मेल रिव्हर स्टेट बीचचा भाग आहे, आणि सॅन होजे क्रीक नावाचा ओढा इथेच समुद्राला मिळतो. गाडी रस्त्याच्या कडेला लावायची, सामान चढवायचे, वाळू ओलांडायची आणि थोडे पोहत गेले की केल्पच्या, म्हणजे झाडांसारख्या उंच वाढणाऱ्या समुद्री शैवालाच्या, जगातल्या उत्तम जंगलांपैकी एकात शिरायचे, इतके हे ठिकाण जवळचे आहे. स्थानिक डायव्हर याच किनाऱ्याला 'मॉर्च्युअरी बीच', म्हणजे शवागाराचा किनारा, असेही म्हणतात. वाळूवर जाण्याच्या वाटेवरच जीवघेण्या लाटांचा इशारा देणारे फलक लावलेले आहेत आणि ते शोभेसाठी नाहीत.

बे एरियात राहणारे अनेक मराठी लोक आता स्कूबा शिकतात, कारण सॅन होजे शहराहून माँटेरे सुमारे १२० किलोमीटरवर आहे आणि शनिवारी सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. काही जणांनी मालवण, तारकर्ली, गोवा किंवा अंदमानला प्रमाणपत्र घेतलेले असते आणि इथे आल्यावर त्यांना पुन्हा पाण्यात उतरायची ओढ लागते. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, मोनॅस्टरी बीचवरचा धोका खोल पाण्यात कमी आणि कोरड्या वाळूपासूनच्या पहिल्या दहा मीटरांत जास्त आहे. म्हणून इथल्या डाइव्हची आखणी बाहेर येण्यापासून सुरू करून मागे मागे करत जावी. ज्याला बाहेर येण्याची खात्री नाही, त्याने उतरू नये.

हा किनारा असा का आहे

माँटेरे उपसागराच्या तळाशी एक प्रचंड पाणदरी आहे. तिची खोली ३,६०० मीटरपेक्षा जास्त आहे आणि तिच्या कड्यांची उंची ग्रँड कॅन्यनच्या तोडीची आहे. तिची एक शाखा, कार्मेल कॅन्यन, दक्षिणेकडे वळून मोनॅस्टरी बीचच्या जवळजवळ पायथ्याशी येऊन पोहोचते. परिणामी या किनाऱ्याला उथळ अंगण असे नाहीच. वाळू तीव्र उताराने पाण्यात शिरते आणि तशीच खाली जात राहते.

कोकणातल्या बहुतेक पुळणी मंद उताराच्या असतात. तिथे लाट दूरवर फुटते, फेसाळत येते, तिचा जोर वाटेतच जिरतो आणि किनाऱ्याशी येईपर्यंत घोट्याएवढे पाणी उरते. त्या पाण्यात पाय भिजवत उभे राहण्याची सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली असते. मोनॅस्टरी बीचवर हीच सवय घातक ठरते. इथे लाटेला आधी फुटायला उथळ जागाच मिळत नाही. ती अखंड येते, उताराशी अचानक उभी राहते आणि सारा जोर थेट वाळूवर आपटते. मग तेच पाणी त्याच उतारावरून वेगाने मागे जाते, आणि पुढची लाट त्याच्यावर येऊन कोसळते. वाळू बारीक नसून जाड, खड्यांसारखी आहे. पाऊल ठेवले की ते घोट्यापर्यंत रुतते आणि पायाखालचा थर पाण्याबरोबर सरकू लागतो. लाट मागे जाताना या खड्यांचा करकर असा घसरण्याचा आवाज येतो. तो आवाज मोठा असेल, तर परतीच्या पाण्याला किती ओढ आहे हे कानांनीच कळते.

तीस किलो सामान पाठीवर आणि कमरेला घेऊन अशा उतारावर गुडघाभर पाण्यात उभा असलेला धडधाकट माणूससुद्धा लाटेच्या एका फटक्यात पडतो. पडल्यावर उठण्याचा प्रयत्न करताना दुसरी लाट येते. मास्क निघून जातो, रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारे साधन, तोंडात नसेल तर पाणी आणि वाळू तोंडात जाते, आणि ओढ त्याला पुन्हा खाली नेते. डायव्हरांचे या किनाऱ्यावरचे अनेक अपघात याच पट्ट्यात घडतात. शिवाय पाण्यात शिरण्याचा विचारही नसलेली, नुसती पाण्याच्या कडेने चालणारी माणसेही इथे ओढली गेली आहेत.

मग जायचे कशासाठी

कारण त्याच दरीमुळे हे पाणी इतके समृद्ध आहे. वसंतात वायव्येचे वारे पृष्ठभागावरचे पाणी बाहेर ढकलतात आणि खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर जायंट केल्प पोसले जाते. अनुकूल हंगामात हे शैवाल दिवसाला अर्ध्या मीटरच्या आसपास वाढू शकते. तळाशी खडकाला धरून वर पृष्ठभागापर्यंत पोहोचणारे त्याचे दोर, त्यांच्या पानांच्या बुडाशी असलेले हवेचे फुगे, आणि वरच्या छतातून तिरपी येणारी सोनेरी उन्हे यांच्यामधून पोहताना निळ्या रॉकफिशचे थवे जागच्या जागी तरंगताना दिसतात. खडकांवर गुलाबी, नारिंगी, पांढरी समुद्रफुले आणि स्पंज इतके दाटीने असतात की, रिकामा दगड शोधावा लागतो. कपारींत कॅबेझॉन आणि लिंगकॉड हे मासे दबा धरून बसलेले असतात, आणि नीट पाहिले तर करंगळीच्या पेराएवढे न्यूडिब्रँक, म्हणजे शंख नसलेल्या समुद्री गोगलगाई, सापडतात.

वर केल्पमध्ये स्वतःला गुंडाळून झोपणारी समुद्री पाणमांजरे दिसतात. कातड्यांच्या व्यापारात ही जात कॅलिफोर्नियातून नष्ट झाली असे मानले जात होते. १९३८ मध्ये इथून दक्षिणेला, बिक्सबी क्रीकच्या मुखाशी तिचा एक छोटा कळप लोकांच्या नजरेस पडला, आणि आजची सारी संख्या अशा उरलेल्या थोड्या प्राण्यांपासून वाढलेली आहे. त्यांच्या जवळ जाऊ नये. कायद्यानेही त्यांना त्रास देण्यास मनाई आहे. उलट २०१३ पासून आलेल्या रोगाने मोठा सूर्यफूल तारामासा इथून जवळजवळ नाहीसा झाला, त्यामुळे तो ज्यांना खात असे ते जांभळे, काटेरी सी अर्चिन वाढले आणि माँटेरे परिसरात काही ठिकाणचे केल्प त्यांनी खाऊन टाकले. हे सारे डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे, म्हणूनच ते पाहून सुखरूप परतण्याची पद्धत नीट शिकावी असे मला मनापासून वाटते.

आधी कोणती तयारी हवी

मालवण-तारकर्लीत प्रशिक्षकाने टाकी धरून खाली नेलेला अनुभव सुंदर असतो, पण ते डायव्हिंगचे प्रमाणपत्र नव्हे. ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पातळीचे, प्रमाणपत्र असले तरी ते २८ अंशांच्या पाण्यात, होडीवरून उडी मारून मिळवलेले असेल, तर मोनॅस्टरी बीचसाठी ते अपुरे आहे. इथले पाणी साधारण ९ ते १४ अंश सेल्सियस असते. सात मिलिमीटरचा वेटसूट, टोपी आणि हातमोजे, किंवा ड्रायसूट लागतो. त्यासोबत खाली जाण्यासाठी बांधायचे शिशाचे वजन वाढते, बोटांची हालचाल मंदावते आणि हवा जास्त लागते.

म्हणून पहिली पायरी माँटेरे गावातल्या ब्रेकवॉटरची, म्हणजे सॅन कार्लोस बीचची. तिथे दगडी बांधामुळे लाटा अडतात, वाळूचा उतार सौम्य आहे आणि बहुतेक स्थानिक शाळा तिथेच शिकवतात. तिथे थंड पाण्यातले सामान, तरंगण्याचा तोल, केल्पमधून पोहणे आणि होकायंत्रावर परत येणे हे सारे अंगवळणी पडू द्यावे. त्यानंतर छोट्या लाटा असलेल्या किनाऱ्यावर उतरण्याचा आणि बाहेर येण्याचा सराव प्रशिक्षकाबरोबर करावा. मास्क निघाला तरी शांतपणे श्वास घेता येतो का, तोंड पाण्यात असताना रेग्युलेटर शोधून परत लावता येतो का, फिन्स, म्हणजे पायांतले पोहण्याचे पंख, घातलेल्या अवस्थेत हातापायांवर रांगता येते का, या तीन गोष्टी तिथे तपासून घ्याव्यात. मोनॅस्टरीला पहिल्यांदा जाताना तो किनारा नियमितपणे करणारा माणूस बरोबर असलाच पाहिजे. नकाशा पाहून आणि व्हिडिओ पाहून ही जागा कळत नाही.

प्रकृतीबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवे. थंड पाण्यात उतरताच हातापायांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छातीकडे येते, रक्तदाब चढतो. त्यात जड सामान घेऊन वाळू तुडवण्याचे श्रम मिळवा. डायव्हिंगमधल्या मृत्यूंमध्ये हृदयविकाराचा वाटा मोठा आहे, आणि भारतीय वंशाच्या लोकांत हृदयविकार तुलनेने कमी वयात दिसतो. चाळिशी ओलांडलेल्याने, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने तर नक्कीच, डॉक्टरांकडून तपासणी करून घेतल्याशिवाय या किनाऱ्यावर जाऊ नये.

आदल्या रात्री आणि त्या सकाळी

हवामानाच्या अंदाजात बहुतेक जण फक्त लाटांची उंची पाहतात. मोनॅस्टरीसाठी दोन लाटांमधला वेळ, म्हणजे पिरियड, तितकाच महत्त्वाचा आहे. आठ सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे १०० मीटर असते, सोळा सेकंदांच्या लाटेची सुमारे ४०० मीटर. उंची तेवढीच असली तरी दुसरीच्या पोटात कितीतरी जास्त पाणी आणि जोर असतो, आणि खोल दरीच्या तोंडाशी असलेल्या या किनाऱ्यावर तो जोर जवळजवळ शाबूत पोहोचतो. दूरच्या वादळातून आलेली अशी लाट वारा पडलेल्या, उन्हाने चमकणाऱ्या दिवशीही येते. समुद्र आरशासारखा दिसतो, आणि दहा-पंधरा मिनिटांनी चार-पाच मोठ्या लाटांची माळ येऊन वाळूवर फुटते.

नॅशनल वेदर सर्व्हिसचा किनारपट्टीचा अंदाज वाचावा. माँटेरे उपसागराबाहेरच्या ४६०४२ क्रमांकाच्या बॉयाची, म्हणजे लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राची, ताजी नोंदही पाहावी. त्या बॉयापाशी आता असलेली पंधरा सेकंदांची लाट ताशी साधारण ४० किलोमीटरने पुढे सरकते, त्यामुळे पुढच्या एक-दोन तासांत काय येणार आहे याचा अंदाज येतो. मोठ्या लाटांचा किंवा किनाऱ्यावरील धोक्याचा इशारा जारी असेल, तर घरून निघूच नये. पहिल्या काही खेपांसाठी माझी मर्यादा अशी आहे: लाट मीटरभराहून जास्त असेल किंवा पिरियड तेरा-चौदा सेकंदांच्या पुढे गेला असेल, तर मोनॅस्टरी रद्द. अनुभवी स्थानिक डायव्हर याहून जास्तीत उतरतात, पण ती मुभा त्यांनी वर्षानुवर्षे कमावलेली असते.

वारा साधारणपणे दुपारी वाढतो, म्हणून सकाळी लवकर जावे. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ बहुधा सर्वांत चांगला. वसंतातले ढवळलेले, हिरवट पाणी निवळलेले असते आणि हिवाळ्यातल्या मोठ्या लाटा अजून सुरू झालेल्या नसतात. ऐन भरतीला लाट उताराच्या वरच्या, जास्त चढाच्या भागावर आपटते, तेव्हा भरती-ओहोटीची वेळही पाहून ठेवावी. तुम्ही बाहेर येणार त्या घटकेला पाणी कुठे असेल, हा प्रश्न उतरतानाच्या पाण्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

दुसरी जागा ठरवूनच निघावे. ब्रेकवॉटर तर आहेच. शिवाय दक्षिणेला लागूनच असलेल्या पॉइंट लोबोस राखीव क्षेत्रातल्या व्हेलर्स कोव्हमध्ये याच जातीचे पाण्याखालचे जग आडोशाच्या पाण्यात पाहायला मिळते. तिथे रोज मोजक्याच जोड्यांना परवानगी असते आणि आगाऊ नोंदणी करावी लागते. पर्याय हाताशी नसला की, दोन तास गाडी चालवून आलेला माणूस वाईट समुद्रालाही 'ठीक आहे' म्हणू लागतो.

वाळूवर उभे राहून पाहणे

पोहोचल्यावर सामान गाडीतच ठेवावे. पाण्यापासून बरेच वर, कोरड्या वाळूवर उभे राहून किमान वीस मिनिटे समुद्र पाहावा. वीस मिनिटे, कारण मोठ्या लाटांची माळ दहा किंवा पंधरा मिनिटांनी येऊ शकते आणि पाच मिनिटांच्या शांततेला काहीच अर्थ नसतो. सर्वांत मोठी माळ आली की लाटा मोजाव्यात, त्यानंतरची शांतता किती टिकते ते घड्याळावर पाहावे, पाणी वाळूवर कुठपर्यंत चढले ती ओली रेष लक्षात ठेवावी.

किनाऱ्याचा मधला भाग डायव्हिंगसाठी पूर्णपणे वर्ज्य समजावा. डायव्हर उत्तर किंवा दक्षिण टोकाच्या खडकांजवळून, जिथे केल्प लाटांचा थोडा जोर खाते, तिथून उतरतात. दरीमुळे लाटा वाकतात, त्यामुळे एकाच वेळी दोन टोकांवर वेगळी परिस्थिती असू शकते, आणि दिशा बदलली की कालचे शांत टोक आज खवळलेले असते. दोन्ही टोके चालत जाऊन पाहावीत.

निवडलेल्या जागी त्या वीस मिनिटांतली सर्वांत मोठी लाट गुडघ्याहून उंच फुटत असेल, तर नवख्याने परत फिरावे. जोडीदारांपैकी कोणीही एकाने 'नको' म्हटले की तिथेच विषय संपतो. कारण विचारायचे नाही, समजूत घालायची नाही. हा नियम गाडीत बसण्याआधीच सर्वांनी कबूल केलेला असावा. आपल्याकडे पाहुणा किंवा वयाने लहान माणूस भिडेखातर गप्प राहतो, आणि या किनाऱ्यावर तशी भीड परवडत नाही.

सामान आणि उतरणे

सगळे सामान अंगासरशी बसलेले हवे. लोंबणारे गेज, मोकळा पट्टा, हातात धरलेला मोठा कॅमेरा यांपैकी काहीही लाटांच्या पट्ट्यात नको. कॅमेरा न्यायचाच असेल तर तो या किनाऱ्याची सवय झाल्यानंतर. मास्कचा पट्टा टोपीच्या आत घालावा, म्हणजे लाटेने मास्क हिसकावला जात नाही. दोन्ही हातांनी पोहोचता येईल अशा ठिकाणी एक छोटी सुरी किंवा कात्री, शिट्टी, होकायंत्र आणि पृष्ठभागावर फुगवायचा खुणेचा फुगा असावा. वजने सोडण्याची कळ कुठे आहे हे जोडीदाराने हात लावून पाहावे, तुमची त्याने आणि त्याची तुम्ही.

सामानाची तपासणी पाण्यापासून दूर पूर्ण करावी: टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, दोन्ही रेग्युलेटर श्वास घेऊन तपासलेले, बीसीमध्ये, म्हणजे तरंगण्यासाठी फुगवायच्या जाकिटात, थोडी हवा. हवा थोडीच, कारण ठासून फुगवलेला बीसी तुम्हाला फुटत्या लाटेच्या तोंडी ठेवतो. पण पडलात तर तरंगलात पाहिजे.

फिन्स कधी घालाव्यात यावर मतभेद आहेत. काही जण त्या हातात घेऊन शिरतात आणि खोल पाण्यात घालतात. माझ्या मते या किनाऱ्यावर त्या ओल्या रेषेच्या वरच, जोडीदाराच्या खांद्याचा आधार घेऊन घालाव्यात. दोन पावलांत पाणी डोक्यावर जाते, आणि त्या क्षणी पाय मारायला फिन्स नसतील तर तुम्ही नुसते ओढले जाल. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, एक हात मास्कवर, अशा अवस्थेत मोठी माळ संपायची वाट पाहावी. तिची शेवटची लाट फुटून मागे जाऊ लागली की पाठमोरे, खांद्यावरून समुद्राकडे पाहत, पाय न उचलता घसटत मागे जावे. मांडीइतके पाणी आले की थांबायचे नाही. तिथेच पाठीवर पडून जोराने पाय मारत लाटांच्या पट्ट्याबाहेर निघावे. अचानक लाट आलीच, तर तिच्यासमोर उभे राहू नये. वळून तोंड पाण्यात घालावे, रेग्युलेटर दातांत घट्ट धरावा आणि तिला डोक्यावरून जाऊ द्यावे. पाऊल डळमळले आणि अजून वाळू जवळ असेल, तर लगेच रांगत वर यावे आणि पुन्हा वाट पाहावी.

लाटांच्या बाहेर गेल्यावर दोघांनी थांबून श्वास सावरावा. श्वास दोन-तीन मिनिटांत शांत झाला नाही, छातीत जडपणा वाटला किंवा खोकला येऊ लागला, तर ती डाइव्ह तिथेच संपली. किनाऱ्याकडे पाहून बाहेर येण्याच्या जागेच्या खुणा, एखादे झाड किंवा खडक, आणि होकायंत्राची दिशा पक्की करावी.

पाण्याखाली

केल्पच्या छतामधल्या मोकळ्या जागेतून, पाय खाली ठेवून, जोडीदाराकडे तोंड करून उतरावे. छताखाली गेल्यावर दोर एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर असतात आणि पोहणे सोपे असते. अडकलात तर गिरकी घेऊ नये, कारण तिने दोर आणखी गुंडाळला जातो. मागे सरकावे आणि हाताला लागेल तो दोर दुमडून काडी मोडावी तसा मोडावा. ओढल्याने तो तुटत नाही. टाकीच्या व्हॉल्व्हपाशी अडकलेले जोडीदाराने सोडवावे.

खडक संपून वाळूचा उतार सुरू होतो तिथे दरीची कड आहे. खालचे निळे पाणी स्वच्छ दिसते आणि माणूस नकळत खोल जात राहतो, कारण उताराला कुठे पायरी नसते. खोलीची मर्यादा वाळूवर ठरवावी आणि ती मोडू नये: ओपन वॉटर प्रमाणपत्र असलेल्याला १८ मीटर, त्यापुढच्या ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्राला ३० मीटर. पहिल्या खेपेला १५ मीटरमध्येही पाहण्यासारखे भरपूर आहे. ३२ टक्के ऑक्सिजन असलेली हवा, म्हणजे नायट्रॉक्स, घेणाऱ्याने सुमारे ३३ मीटरची हद्द लक्षात ठेवावी. ती इथे भिंतीसारखी दिसत नाही, उतारावर हळूच ओलांडली जाते.

हवेचा हिशेब बाहेर येण्याच्या गरजेवरून करावा. ११ लिटरची नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी धरा. १८ मीटरवर एका जोडीदाराची हवा संपली, तर घाबरलेल्या दोघांनी मिळून एक मिनिट तिथे सावरणे, सावकाश वर येणे आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबणे यातच टाकीतल्या दाबाचे साधारण ६० बार जातात. त्यानंतर लाटांमधून तोंडात रेग्युलेटर ठेवून बाहेर यायचे आहे, आणि कदाचित वाटेत केल्पच्या खालून पोहायचे आहे. म्हणून २०० बारवर सुरुवात केली असेल तर १३० ला परत फिरावे, आणि पृष्ठभागावर याल तेव्हा किमान ६०-७० बार शिल्लक असावेत. ब्रेकवॉटरला चालणारी काटकसर इथे चालत नाही.

जाताना शंख, तारामासा, खडकाचा तुकडा काहीही उचलू नये. हा सारा भाग सागरी संरक्षित क्षेत्रात येतो. १९९२ पासून माँटेरे बे राष्ट्रीय सागरी अभयारण्यही आहेच.

बाहेर येणे

वर आल्यावर लाटांच्या पट्ट्याच्या बाहेर थांबावे आणि पुन्हा समुद्र पाहावा. तासाभरात परिस्थिती बदललेली असू शकते. समुद्राच्या बाजूने, पाठीमागून पाहिलेली लाट छोटीच दिसते, म्हणून तिच्या उंचीवर विश्वास न ठेवता ती वाळूवर किती चढते आणि फुटताना किती आवाज येतो याकडे लक्ष द्यावे. छताच्या वरून जावे लागले तर केल्प हातांनी खाली दाबत, त्यावरून सरपटत जावे. पाय फार मारू नयेत.

मोठी माळ येऊन जाऊ द्यावी. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, फिन्स पायांत, बीसीमध्ये मोजकी हवा. शेवटची मोठी लाट तुमच्या खालून पुढे गेली की तिच्या मागोमाग, तिच्या पाठीला धरून, पूर्ण जोराने पोहत किनाऱ्याकडे यावे. दर दोन-तीन पाय मारल्यावर मागे पाहावे. तळहात वाळूला लागले की तिथून पुढचा सारा प्रवास हातापायांवर करायचा. स्थानिक लोक याला मोनॅस्टरी क्रॉल म्हणतात आणि तीस-तीस वर्षांचे अनुभवी डायव्हरही तो न लाजता करतात.

हा क्रॉल नीट समजून घ्यावा. लाटेचे पाणी वर ढकलत असते तेव्हा पुढे सरकायचे. ते मागे जाऊ लागले की थांबायचे, बोटे आणि गुडघे खड्यांत रोवायचे आणि अंग वाळूला चिकटवून ठेवायचे. खडे मनगटांवरून, पोटाखालून सरकत जातात, मास्कवर फेस येतो, काही दिसत नाही. पण रेग्युलेटर तोंडात असल्यामुळे श्वास चालूच राहतो. पुढच्या लाटेने पुन्हा वर ढकलले की पुन्हा सरकायचे. उभे राहण्याची इच्छा सर्वांत अनावर होते ती पाणी गुडघ्याखाली गेल्यावर, आणि सर्वांत जास्त लोक नेमके तिथेच पडतात. आधी समुद्र पाहताना लक्षात ठेवलेल्या ओल्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूवर पोहोचेपर्यंत उठू नये, फिन्स काढू नयेत, मास्क उचलू नये आणि पाठ समुद्राकडे आहे हे विसरू नये.

जोडीदाराने तुम्ही वर पोहोचेपर्यंत लाटांच्या पट्ट्याबाहेर पाण्यातच थांबावे. पहिल्याने सामान वर नेऊन उतरवावे आणि मगच पाण्याच्या रेषेच्या वरून दुसऱ्यावर लक्ष ठेवावे. सामानासकट मदतीला धावणारा माणूस दुसरा अपघात ठरतो.

बाहेर येणे शक्य नाही असे वाटले, तर बळजबरी करू नये. बीसी फुगवून, वजने सोडून, लाटांच्या बाहेर तरंगत राहावे. वेटसूट तुम्हाला तरंगत ठेवतो आणि काही काळ उबही देतो. खुणेचा फुगा उभा करावा, शिट्टी वाजवावी, हात उंच हलवावा. किनाऱ्यावरच्या माणसाने ९११ ला फोन करावा. लाटांत सापडून खाली खेचले जात असाल आणि वर येता येत नसेल, तर वजने सोडण्यात क्षणाचाही विलंब करू नये.

किनाऱ्यावर थांबणारे

कुटुंब बरोबर येते, डबे उघडतात, मुले वाळूत खेळू लागतात. या किनाऱ्यावर जीवरक्षक नाहीत. मुलांना पाण्याच्या ओल्या रेषेच्या बरेच वर ठेवावे आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नयेत. कोणी ओढले गेले तर त्याच्यामागे पाण्यात उडी घेऊ नये. तरंगणारी कोणतीही वस्तू फेकावी, नजर हलवू नये आणि ९११ ला कळवावे. डायव्हर कधी उतरले, कोणत्या टोकाने आणि किती वाजेपर्यंत बाहेर यायला हवेत, हे लिहून किनाऱ्यावर थांबणाऱ्यांपैकी एकाकडे द्यावे.

नंतर

थंडीने थरथरत असाल तर आधी सुके कपडे, टोपी आणि गरम पेय. रेग्युलेटर, बीसीचे व्हॉल्व्ह आणि झिपा गोड्या पाण्याने नीट धुवाव्यात, कारण इथली जाड वाळू सगळीकडे शिरलेली असते आणि पुढच्या वेळी एखादा बटण अडकवू शकते. सुट्टीवर भारतातून आलेल्यांनी विमानाची वेळ आधीच हिशेबात धरावी: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये. सांधेदुखी, मुंग्या, बधिरपणा, चक्कर, अनपेक्षित थकवा किंवा धाप यांपैकी काही जाणवले तर ते वाळूत चालल्याचे श्रम आहेत असे समजून झोपी जाऊ नये. ऑक्सिजन उपलब्ध असेल तर तो द्यावा, ९११ ला फोन करावा आणि डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांना वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेच्या आपत्कालीन क्रमांकावर सल्ला घ्यावा. तो क्रमांक सकाळी निघण्यापूर्वीच जोडीदाराच्या आणि किनाऱ्यावर थांबणाऱ्याच्या फोनमध्ये घालून ठेवावा.